अकराव्या वर्षीचे पाकीट

बदलीचा हुकूम हाती पडला की कारकुनाच्या घरात प्रथम सामानाचा विचार होतो, मग घराचा, आणि शेवटी, परंतु सर्वांत अधिक काळ, मुलांच्या शाळेचा. सामान ट्रकने येते, घर दलालामार्फत मिळते. शाळेतील जागा मात्र पैशाने येत नाही आणि वाहनाने तर नाहीच. मागच्या बदलीच्या वेळी माझी कन्या पाचवी उत्तीर्ण होऊन सहावीत जाणार होती. नव्या गावातील एका शाळेच्या प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक सातवा लागला. तीन आठवडे रोज कचेरी सुटल्यावर मी त्या शाळेच्या सूचनाफलकापुढे जाऊन उभा राहत असे. सातव्याचा सहावा झाला, सहाव्याचा पाचवा झाला आणि तेथे यादी थांबली. त्या रात्री मुलीने विचारले, “बाबा, माझे काही चुकले का?”

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर सुचले नाही. तिने परीक्षा दिलेली नव्हती, म्हणून ती नापास झाली असे म्हणता येत नव्हते. मी सर्व कागद वेळेवर दिले होते, एक दाखला तेवढा जुन्या गावाहून चार दिवस उशिरा आला. “तुझे नाही, माझेच चुकले,” असे मी तिला सांगितले आणि विषय मिटवला. तो माझ्या मनातून मात्र मिटला नाही. शाळेतील जागा मिळाली नाही म्हणजे नेमके कोण नापास होते, या प्रश्नाचा माग काढीत मी वाचू लागलो आणि इंग्लंडच्या शाळांच्या इतिहासापाशी येऊन पोचलो. तेथे हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे, अगदी माझ्या मुलीच्याच वयाच्या मुलांच्या बाबतीत, विचारला गेला आहे. त्याची उत्तरे मात्र दर पिढीला बदलत गेली आहेत.

या शतकभराच्या कहाणीचा आरंभ १९०७ सालापासून धरता येतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी आपल्या सुमारे पाव जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांना विनाशुल्क द्याव्यात, असा नियम त्या वर्षी झाला. जागा थोड्या आणि मुले फार, म्हणून परीक्षा आली. लोक तिला ‘स्कॉलरशिप’ म्हणत. त्या काळी ही परीक्षा गरिबाच्या मुलापुढे उघडणारे दार होती, आणि ज्याच्या बापाजवळ शुल्क भरण्याइतका पैसा होता त्याला त्या दाराची फारशी फिकीर नव्हती. त्याच्यासाठी दुसरे दार उघडेच होते.

बुद्धिमापनाच्या कसोट्या या परीक्षेत कशा शिरल्या, हेही पाहण्यासारखे आहे. आज त्यांच्याकडे वर्गभेदाचे हत्यार म्हणून पाहण्याची पद्धत आहे. परंतु १९२१ च्या सुमारास गॉडफ्री टॉमसन या शिक्षणशास्त्रज्ञाने नॉर्थम्बरलँड परगण्यासाठी आपली कसोटी तयार केली ती उलट हेतूने. त्या परगण्यातील दूरच्या खेड्यांतील कित्येक शाळांतून स्कॉलरशिपला एकही मूल येत नसे. तेथे हुशार मुले नाहीत हे टॉमसनला पटेना. पाठांतराची आणि चांगल्या मास्तरांची जोड न मिळालेल्या मुलातील बुद्धीही ओळखता यावी, म्हणून त्याने ही कसोटी रचली. पुढे एडिंबरोच्या मोरे हाउस येथून त्याच्या कसोट्या देशभर गेल्या. आपल्याकडील नवोदय विद्यालयांच्या मुळाशी हाच भाव आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ज्यांना आकार दिला त्या या विद्यालयांपैकी पहिल्या दोहोंत आपल्या अमरावतीचे एक होते. तेथेही सहावीच्या उंबरठ्यावर परीक्षा असते आणि बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या असतात. खेड्यातले हुशार मूल शोधून काढणे हा उदात्त हेतू होय, यात शंका नाही. पण शोधण्यासाठी केलेले यंत्र वगळण्यासाठी वापरले जाऊ लागले की काय होते, हे इंग्लंडने पुढे दाखवले.

१९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, शिक्षणमंत्री बटलर यांचा प्रसिद्ध कायदा संमत झाला. माध्यमिक शिक्षण सर्वांना आणि सरकारी व्यवस्थेतील शाळांत विनाशुल्क, ही त्याची थोर देणगी. माध्यमिक शाळा तीन प्रकारच्या असाव्यात, ही कल्पना मात्र कायद्याच्या अक्षरात नव्हती. ती आदल्या वर्षीच्या नॉरवुड समितीच्या अहवालातून आली. या समितीला मुलांचे तीन प्रकार दिसले: ज्ञानासाठी ज्ञान आवडणारे, यंत्र आणि उपयोजित कला यांत रमणारे, आणि कल्पनांपेक्षा प्रत्यक्ष वस्तूंशी ज्यांचे अधिक जमते असे. त्यानुसार ग्रामर शाळा, तांत्रिक शाळा आणि ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळा अशी वाटणी झाली. मूल कोणत्या प्रकारचे आहे, याचा निर्णय त्याच्या अकराव्या वर्षी गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन यांच्या प्रश्नपत्रिका करणार होत्या. परमेश्वराने माणसे इतक्या सोयीस्कर तीन रकान्यांत घडवली असतील, यावर कचेरीत रकाने आखणाऱ्या माझ्यासारख्याचाही विश्वास बसत नाही.

तांत्रिक शाळा फारच थोड्या निघाल्या. म्हणून प्रत्यक्षात दोनच प्रकार उरले आणि लोकांच्या बोलण्यात त्यांची नावे ‘पास’ आणि ‘नापास’ अशी झाली. देशभरात सरासरीने चार-पाच मुलांमागे एकाला ग्रामर शाळेत जागा मिळे, पण हे प्रमाण परगण्यापरगण्यांत फार भिन्न होते. म्हणजे एका परगण्यात जे मूल पास झाले असते तेच पलीकडच्या परगण्यात नापास ठरे. बुद्धी तीच असे, पण तिकडे पूर्वजांनी शाळा अधिक बांधलेल्या असत. मुलींच्या बाबतीत तर निराळाच अन्याय होता. अकराव्या वर्षी मुली मुलांपेक्षा सरस ठरत, म्हणून कित्येक ठिकाणी त्यांच्यासाठी उत्तीर्णतेची रेषा वर ओढली जाई. बर्मिंगहॅममध्ये मुलींसाठी ग्रामर शाळांत जागाच कमी होत्या. हे कायद्याच्या विरुद्ध आहे असा निकाल उमरावांच्या सभेने १९८९ साली दिला, तोवर किती पिढ्यांच्या मुली त्या रेषेखाली राहून गेल्या होत्या!

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. १९४४ पूर्वी मध्यमवर्गीय बापाला मध्यम बुद्धीच्या मुलासाठी शुल्क भरून ग्रामर शाळेत जागा घेता येत असे. शुल्क गेले तसा हा मार्गही बंद झाला. खासगी आणि काही थेट अनुदानाच्या शाळा राहिल्या, पण त्या सर्वांना परवडत नव्हत्या. शिक्षक, दुकानदार आणि सरकारी नोकर यांची मुले मजुराच्या मुलाशेजारी त्याच प्रश्नपत्रिकेपुढे बसू लागली. काळजी अशी सार्वत्रिक झाली. घरोघरी शिकवण्या सुरू झाल्या, पास झालास तर सायकल अशी आमिषे दाखवली जाऊ लागली आणि निकालाच्या दिवसांत दारात पडणाऱ्या पाकिटाची वाट पाहण्यात घरे जागी राहू लागली. त्या पाकिटावर नाव बापाचे असले तरी निकाल मुलाचा असे. अकरा वर्षांच्या जिवाला आपण कोण आहोत हे सरकारी टपालाने कळे, आणि पुष्कळांनी ते आयुष्यभर खरे मानले.

ते खरे नव्हते. १९५७ साली येट्स आणि पिजन या संशोधकांनी निवडीची ही पद्धत तपासली. पद्धत चांगल्यांत चांगली वापरली तरी शंभरांत सुमारे दहा मुले चुकीच्या शाळेत जातात, असे त्यांना आढळले. फ्लाउड, हॅल्सी आणि मार्टिन यांच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासाने वर्गभेदाचा प्रश्न पुढे आणलेलाच होता. गंमत अशी की, या पद्धतीवर घाव घातला तो केवळ समतावाद्यांनी नव्हे. ज्यांची मुले नापास झाली त्या मध्यमवर्गीय आईबापांचा असंतोषही तितकाच प्रभावी ठरला. लंडनमध्ये किडब्रुक येथे १९५४ साली सर्व मुलांना एकत्र घेणारी मोठी शाळा उभी राहिलीच होती. १९६५ साली शिक्षणमंत्री क्रॉसलंड यांच्या परिपत्रकाने सर्व स्थानिक संस्थांना अशा शाळांच्या योजना मागितल्या. परिपत्रकाचा क्रमांक होता दहा, वर्ष पासष्ट. १९७० मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या आणि त्यांनी ते मागे घेतले. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत सर्वसमावेशक शाळा झपाट्याने वाढल्या. परिपत्रकांचे सामर्थ्य किती असते आणि किती नसते, हे आपणा सरकारी नोकरांना निराळे सांगायला नको.

परीक्षा बहुतेक ठिकाणाहून गेली. आता काळजीही जाईल असे वाटले होते, परंतु तसे झाले नाही. मुले आता जवळच्या शाळेत जाऊ लागली आणि चांगल्या शाळेजवळची घरे महागली. १९८० च्या कायद्याने आईबापांना आपली पसंती कळवण्याचा आणि जागा नाकारल्यास दाद मागण्याचा हक्क दिला. येथे शब्द ‘पसंती’ असा आहे, ‘निवड’ असा नाही. दोहोंतील अंतर आपल्याला चांगले ठाऊक आहे. बदलीच्या अर्जात आपणही तीन पसंतीची ठिकाणे लिहून देतो आणि चौथ्या ठिकाणी रुजू होतो! १९८८ च्या कायद्याने शाळांना क्षमतेपर्यंत मुले घेणे भाग पाडले, १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले, आणि कोणती शाळा सरस हे प्रत्येकाला कळले. सर्वांना एकच गोष्ट हवीशी झाली की ती कुणाला द्यायची हे फुटपट्टीने ठरवावे लागते. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर मीटरांत मोजले जाऊ लागले. २००८ साली पूल या गावच्या नगरसंस्थेने तर एक कुटुंब खरोखर त्याच पत्त्यावर राहते की नाही, हे पाहण्यासाठी जवळजवळ तीन आठवडे त्याच्यावर गुप्त पाळत ठेवली. ही पाळत बेकायदा होती असा निर्णय न्यायाधिकरणाने २०१० मध्ये दिला.

अर्ज भरण्याची पद्धतही एक सापळाच होती. कित्येक शाळा ज्यांनी आपल्याला पहिली पसंती दिली त्यांचाच विचार प्रथम करीत. बापाने प्रामाणिकपणे सर्वांत आवडती शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली, तर दुसरीच्या जागा तोवर भरून गेलेल्या असत. म्हणून शहाणे आईबाप मनातली शाळा न लिहिता मिळण्याजोगी लिहीत. ज्याला हे हिशेब सांगणारे कोणी नव्हते तो फसे. २००७ च्या प्रवेशसंहितेने ही पद्धत बंद केली. तत्पूर्वीच, २००५ च्या प्रवेशांपासून, लंडनच्या सर्व विभागांनी एक समाईक पद्धत स्वीकारली होती. तिच्यामागील गणित गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ सालीच मांडले होते. त्याचे सार असे की, मिळालेली जागा शेवटपर्यंत कच्ची समजावी. अधिक हक्काचा अर्जदार आला तर पहिल्याने ती सोडून आपल्या पुढच्या पसंतीकडे जावे आणि उशिरा आला म्हणून तेथे त्याचा हक्क कमी होऊ नये. असे केले म्हणजे खरे लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही. न्यूयॉर्कने २००४ च्या प्रवेशांसाठी या तत्त्वावरची पद्धत आणली. तेव्हा यादीत नसलेल्या शाळेत टाकल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे तीस हजारांवरून तीन हजारांच्या आसपास आली. ब्रायटनने २००८ पासून विभागांतर्गत चिठ्ठ्या टाकण्याचा मार्ग धरला.

आता दर वर्षी १ मार्चच्या सुमारास इंग्लंडभर एकाच दिवशी माध्यमिक शाळांच्या जागा कळवल्या जातात. अलीकडच्या वर्षांत शंभरांत ऐंशीहून अधिक मुलांना पहिली पसंती मिळाली आहे. तरी त्या दिवसाची धास्ती कमी झालेली नाही. फरक पडला तो एवढाच की, पूर्वी पाकिटात मुलाचा निकाल असे आणि आता आईबापांचा असतो. घर योग्य गल्लीत घेतले का, अर्ज नीट भरला का, तक्ते वाचले का, या परीक्षेला आता आईबाप बसतात. परीक्षा गेली तरी कोणीतरी नापास व्हावे, ही व्यवस्थेची गरज तशीच राहिली.

आपल्या केंद्रीय विद्यालयांची कहाणी या इतिहासाशेजारी ठेवून पाहावी. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये ही योजना मंजूर झाली आणि १९६३ मध्ये वीस पलटणी शाळांपासून तिचा आरंभ झाला. बदलीचे दुःख हाच तेथे प्रवेशाचा हक्क ठरवला गेला, आणि बदल्यांची संख्या मोजून अग्रक्रम देण्याची रीत पडली. बुद्धी, पैसा किंवा घराचा पत्ता यांऐवजी गरज मोजण्याचा हा प्रयत्न मला आजही न्याय्य वाटतो. परंतु गरज कितीही अचूक मोजली तरी एका वर्गात बाकांची संख्या ठरलेलीच असते, आणि यादी कोठेतरी थांबतेच.

माझी मुलगी आता दुसऱ्या एका शाळेत जाते आणि तेथे रमली आहे. तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते, हे मला आता कळते. इंग्लंडच्या मुलांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दोष स्वतःकडे घेतला, त्यांच्या नातवंडांच्या आईबापांनी तो आपल्याकडे घेतला, आणि मीही तेच केले. परवा मी तिला पुन्हा बसवून सांगितले की तुझे काही चुकले नव्हते आणि माझेही फारसे नाही. त्या शाळेत जागा कमी होत्या. “मग त्यांनी आणखी जागा का केल्या नाहीत?” तिने विचारले. हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा होता. तो योग्य दारापुढे जाऊन उभा राहिला होता.