इंदूरच्या राजदांपत्याची छायाचित्रे

संस्थानी छायाचित्र म्हटले म्हणजे भरजरी अंगरखा, शिरपेच, तलवारीच्या मुठीवर ठेवलेला हात आणि निश्चल नजर ही ओघानेच आली. त्या निश्चलतेचे श्रेय केवळ राजरुबाबास देणे योग्य नव्हे. ओल्या काचपट्टीच्या काळात प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत आणि तेवढा वेळ राजासही रंकाप्रमाणेच स्तब्ध बसावे लागे. इंदुरात या कलेस दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे उत्तेजन लाभले. १८६६ साली तेथील बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीस लागलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादेस निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. कचेरीतल्या एका नकाशानविसाने केवढी ही मजल मारावी!

त्याच होळकर घराण्यातील श्रीमंत यशवंतराव महाराज (१९०८–१९६१) आणि त्यांच्या पत्नी, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई राणीसाहेब, यांची मॅन रे या अमेरिकन कलावंताने १९३० च्या सुमारास फ्रान्समध्ये काढलेली छायाचित्रे मात्र अगदी निराळ्या जातीची आहेत. ना गादी, ना चवऱ्या, ना भालदार-चोपदार. महाराज युरोपीय पोशाखात, राणीसाहेब त्यांना बिलगून बसलेल्या, उभयतांच्या मुखांवर मोकळे हसू. पतीचे नाव उखाण्यावाचून न घेण्याच्या त्या काळी मराठा राजकुळातील स्त्रीची अशी प्रतिमा निघावी, ही लहानसहान गोष्ट नव्हती.

ही निव्वळ पाश्चात्त्यांची नक्कल होती असे म्हणणाऱ्यांनी बुते द मॉन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराची १९३३-३४ ची तैलचित्रे पाहावीत. त्यांत हेच दांपत्य मराठा पेहरावात आहे, आणि राणीसाहेबांच्या गळ्यात होळकरांचे नासपतीच्या आकाराचे दोन सुप्रसिद्ध हिरे आहेत. दोन्ही रूपे त्यांचीच, आणि दोन्ही त्यांनी आपखुषीने धारण केलेली.

१९२४ साली बालवयात विवाह झालेल्या संयोगिताबाई १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. मागे राहिलेली त्यांची कन्या त्या वेळी चार वर्षांचीही झालेली नसावी. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांनी या जोडप्यासाठी सजविलेल्या माणिकबाग राजवाड्यातील बरेचसे सामान १९८० साली मोंटे कार्लोच्या लिलावात विकले गेले. २०१९ मध्ये पॅरिस येथे महाराजांच्या कलासंग्रहाचे प्रदर्शन भरले, तेव्हा देशोदेशी विखुरलेल्या त्यातील कित्येक वस्तू पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांच्यासमवेत मॅन रे यांची ही छायाचित्रेही मांडण्यात आली.