फुरसे : मोजून मारलेला साप आणि त्याच्याच विषाचा उतारा

थ्रेड. खारेपाटण हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपटामुळे ठाऊक असते. वाघोटण नदीकाठच्या या जुन्या बंदरात मांडलिक रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट मिळाला आणि दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्यावरून लागली. याच परिसरातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. हे सारे नदीच्या बाजूचे. गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा आहे, आणि त्या सड्यावरच्या एका रहिवाशाचाही सरकारी दप्तरात मोठा इतिहास आहे. तो रहिवासी म्हणजे फुरसे.

मालवणीत फुरसा. वीतभर-हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, पाठीवर फिकट नक्षीचा साप. दिवसा दगडाखाली, गडग्याच्या फटीत किंवा वाळल्या गवताच्या बुडाशी पडून असतो. डिवचला गेला की इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालतो आणि अंगावरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासतो. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तसा आवाज येतो. नागासारखा फणा नाही, घोणशीसारखा दांडगा देह नाही, त्यामुळे दंतकथांत त्याच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. आकडेवारीत मात्र त्याच्याइतका मान क्वचितच कोणत्या सापाला मिळाला असेल.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी, सावंतवाडी संस्थानाचा मुलूख सोडला तर हा सारा टापू रत्नागिरी जिल्ह्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्पदंशाने मरणाऱ्यांची संख्या पाहून ब्रिटिश सरकारने जो उपाय योजला तो त्या काळच्या वाघ-लांडग्यांवरच्या उपायासारखाच होता : मारा, आणून दाखवा, बक्षीस घ्या. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात जेमतेम आठवडाभरात एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. पुढे सलग सहा वर्षांची वार्षिक सरासरी सव्वादोन लाखांच्या घरात गेली. भारतीय सापांवरील ग्रंथांत हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत आला आहे.

हा आकडा वाचताना थोडे थांबावे लागते. बक्षिसाच्या हिशेबात दर सापामागे पैसे मोजले जात, म्हणून साप मोजले गेले. किती माणसे वाचली, हे त्या रकान्यातून कळत नाही. शिवाय सहा वर्षांची सरासरी काढता येते याचा अर्थच असा की मोहीम वर्षानुवर्षे चालवावी लागली आणि दर वर्षी मारायला फुरशी शिल्लक होतीच. कोकणाचा भूगोल यामागे आहे. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ नव्हे. जांभ्याला पोकळ्या असतात, भेगा असतात, दोन दगडांमध्ये ओल टिकते, आणि पाऊस सरला की वर गवत उभे राहते. एका डोंगरावरची फुरशी वेचून संपवायची तर डोंगरच उलटा करावा लागेल. त्यात फुरशाची मादी अंडी घालत नाही. एका विणीत बोटभर लांबीची जिवंत पिल्ले जन्माला घालते, आणि ती पहिल्या दिवसापासून विषारी असतात.

या साऱ्या नोंदींकडे नीट पाहणारा अधिकारी म्हणजे जी. डब्ल्यू. विडाल. हे आय.सी.एस. गृहस्थ रत्नागिरीत होते. पक्षी हा त्यांचा मूळ छंद. दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी त्यांचीच, १८८० ची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि १८९० मध्ये तिच्या नियतकालिकात विडाल यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील विषारी सापांची टिपणांसह यादी दिली. तिच्यातला मुद्दा त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता. सर्पदंश म्हणजे नाग, असे साहेबाच्या बंगल्यात आणि गावच्या देवळात सारखेच मानले जाई. जोसेफ फेरर यांच्या १८७२ च्या प्रचंड चित्रग्रंथानंतर नागाची प्रतिमा अधिकच ठसली होती. विडाल यांचे म्हणणे असे की इलाख्यातील मृत्यूंचा मोठा वाटा या लहानग्या सापाचा आहे, आणि ज्या जिल्ह्यांत फुरसे विपुल आहे तेथेच सर्पदंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक आहे.

मग हे आधी का कळले नाही? याचे उत्तर विषाच्या स्वभावात आहे. नाग किंवा मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते; श्वास बंद पडतो आणि माणूस काही तासांत जातो. चावा आणि मरण यांतला संबंध कुणालाही दिसतो. फुरशाचा मारा रक्तावर असतो. त्याच्या विषातील एक घटक, ज्याला पुढे या सापाच्या शास्त्रीय नावावरूनच ‘एकॅरिन’ म्हटले गेले, रक्तातील गोठण्याची क्रिया अवेळी सुरू करतो. गोठण्याचे सामान शरीर वापरून टाकते, आणि मग रक्त गोठायचेच थांबते. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. हे चालते दिवसेंदिवस. गवत कापताना बोटाला काहीतरी लागले, मांत्रिकाने विष उतरवले, रोगी दोन दिवस बरा वाटला आणि पाचव्या दिवशी गेला, अशा मृत्यूची नोंद सापाच्या नावावर होईलच असे नाही. मांत्रिकाचा लौकिकही याच दोन दिवसांवर उभा राहिला असला पाहिजे.

आता मुंबईकडे. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. प्लेगसाठी उभारलेल्या या जागेत सापाच्या विषावरही काम सुरू झाले. त्याच्या थोडे आधी, १८९० च्या दशकात, आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर प्रतिविष तयार केले होते. प्राण्याला विषाचे चढते डोस टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिकारक द्रव्ये तयार झाली की ते रक्त काढून त्यातील रक्तद्रव वापरायचा, ही त्यामागची रीत आजही मूलतः तीच आहे. काल्मेतचा विश्वास असा की एका विषावरचे औषध सर्व विषांवर चालेल. परळच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज लॅम यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ही गोष्ट तपासली. नागाच्या विषावरचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते, हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. प्रत्येक विषाला त्याचेच प्रतिविष लागते. वाक्य साधे आहे, पण पुढच्या शंभर वर्षांत ते पुन्हा पुन्हा विसरले गेले.

आणि त्याची पहिली झळ कोकणालाच बसली. हिमालयातील कसौली येथे १९०५ मध्ये केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली आणि तेथे प्रतिविष बनू लागले, ते नाग आणि घोणस या दोनच सापांसाठी. ज्या सापाची मुंडकी लाखांनी मोजली होती, त्याच्या विषावर औषध नव्हते. निर्णय कोणी दुष्टपणाने घेतला असे म्हणता येणार नाही. नाग-घोणस सर्व देशभर होते, विष भरपूर देत होते. फुरशाकडून एका वेळी मिळते ते कोरडे विष काही मिलिग्रॅम. घोडा तयार करण्याइतके विष जमवायचे तर शेकड्यांनी जिवंत फुरशी हवीत. मेलेले फुरसे प्रयोगशाळेच्या काय कामाचे?

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर चार सापांवर एकत्र चालणारे प्रतिविष भारतात रूढ झाले : नाग, मण्यार, घोणस आणि अखेर फुरसे. हाफकिनमध्येच काम करणारे पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले, आणि सर्पविज्ञान सामान्य वाचकाच्या हाती गेले. याच टप्प्यावर फुरशाची किंमत उलटी झाली. आजोबांच्या पिढीत मेलेल्या फुरशाला पैसे मिळत. आता जिवंत फुरशाला मोल आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडणे आणि विष काढणे परवान्याच्या चौकटीत गेले. १९७८ मध्ये चेन्नईजवळ इरुळा समाजाच्या सापवाल्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. सापाचे विष काढून त्याला पुन्हा रानात सोडायचे, ही तिची पद्धत. देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष पुढे तिथूनच येऊ लागले.

येथपर्यंत ही कथा एका सापाची वाटते. पण हा साप खरोखर एकच होता का? शास्त्राला फुरशाची ओळख झाली ती कोरोमंडल किनाऱ्यावरून. पॅट्रिक रसेल यांनी १७९६ च्या ग्रंथात त्याचे चित्र दिले, आणि तमिळ प्रदेशातील आरणी येथील नमुन्यावरून योहान श्नायडर यांनी १८०१ मध्ये त्याला नाव दिले. पुढे अरबस्तानापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत करवती खवल्यांचे जे जे साप मिळाले, ते बराच काळ याच एका नावाखाली ठेवले गेले. दिसायला सारखे, घासून आवाज करणारे, रक्तस्रावाने मारणारे. १९७० मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सापाला उपजातीचे वेगळे नाव मिळाले, आणि नंतर ती स्वतंत्र जाती ठरली. खरे तर एक ढळढळीत फरक समोर होता : भारतातील फुरसे पिल्ले देते, आफ्रिकेतील त्याचे भाऊबंद अंडी घालतात. तरीही डेव्हिड वॉरेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये नायजेरियातील या सर्पदंशांवर जो मूलगामी शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात कोकणातल्या फुरशाचेच शास्त्रीय नाव आहे.

नाव एक असले की औषधही एकच चालेल, असे गृहीत धरले जाते. २००४ च्या सुमारास घानाच्या ग्रामीण भागात नेहमीच्या प्रतिविषाच्या जागी भारतात बनलेले, आफ्रिकेसाठी म्हणून विकले जाणारे स्वस्त प्रतिविष आले. तेथील रुग्णालयात फुरशाच्या आफ्रिकी जातीच्या दंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय सापाच्या विषावर घडवलेले औषध आफ्रिकी सापाच्या विषाला पुरे पडले नाही. परळला शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट घानातल्या शेतकऱ्यांच्या जिवावर पुन्हा सिद्ध झाली, असेच म्हणावे लागते. घानात तो साप चावतो कुणाला, तर हातात कुदळ-कोयता घेऊन माळावर वाकलेल्या माणसाला. सिंधुदुर्गात काय वेगळे आहे?

हाच प्रश्न आता भारताच्या आतही विचारला जात आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की राजस्थानातील फुरशाच्या उपजातीच्या विषापुढे बाजारातील भारतीय प्रतिविष तोकडे पडते. दक्षिणेतील विषावर बनलेले औषध वायव्येला कमी पडत असेल, तर कोकणच्या सड्यावरील फुरशाचे विष नेमके कसे आहे याचा स्वतंत्र अभ्यास हवा, ही मागणी अवाजवी नाही. त्यात सह्याद्रीच्या रानात टोकदार नाकाचा एक लहान चापडाही आहे. तो चार सापांत मोडत नाही, त्याच्यावर भारतीय प्रतिविष काम करत नाही, आणि अनेकदा तो फुरसे म्हणूनच ओळखला जातो. प्रश्न किती माणसांचा आहे हे पाहायचे तर २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत स्थान दिले ते २०१७ मध्ये.

नायजेरियातील त्या कामाने मात्र एक गोष्ट जगाला दिली, जी कोकणातही तितकीच चालते. रोग्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवायचे, आणि वीस मिनिटे हात लावायचा नाही. मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त गोठले नसेल आणि रोगी सिंधुदुर्गातला असेल, तर फुरसे किंवा घोणस यांचा संशय धरून प्रतिविष सुरू करता येते. मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणायची गरज नाही. नळी मात्र काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, कारण काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते आणि साबणाचा अंश तो परिणाम घालवतो.