ट्रायपॉसची क्रमवारी

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांचा जाबता लंडन विद्यापीठावरून घेतलेला होता. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम, आणि अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदवीची सनद देणे एवढे विद्यापीठाचे, असा त्यांचा शिरस्ता पडला. या व्यवस्थेत वाढलेला आपल्याकडील विद्यार्थी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंब्रिजला जाऊ लागला, तेव्हा इंग्रजी विद्या आपल्या परिचयाचीच आहे, देश तेवढा परका, अशी त्याची समजूत असणे स्वाभाविक होते. परंतु परकी होती ती विद्येची व्यवस्था. आणि तिचा उलगडा करून घेण्यात आपल्या तरुणांची जी बुद्धी खर्ची पडली, तिचा इतिहास आपण पुरेशा आस्थेने लिहिला नाही.

केंब्रिजमध्ये कॉलेज ही विद्यापीठाची शाखा नव्हती. उदाहरणार्थ, सेंट जॉन्स कॉलेज १५११ साली स्थापन झाले. त्याच्या जमिनी, त्याचा वसूल, त्याचे नियम आणि त्याचे फेलो ही सर्व त्याची स्वतःची, आणि विद्यार्थ्याला प्रवेश द्यावयाचा किंवा नाकारावयाचा हा अधिकारही त्याचाच. कॉलेजातील ट्यूटर हा विद्यार्थ्याचा पालक; त्याचे वर्तन, त्याचा खर्च, त्याची रजा, सारे ट्यूटरकडे रुजू व्हावयाचे. विद्यापीठ परीक्षा घेई व पदवी देई, पण केवळ परीक्षा उतरल्याने पदवी मिळत नसे. मायकेलमस, लेंट आणि ईस्टर अशी वर्षाची तीन सत्रे, आणि अशा नऊ सत्रांचा गावातील निवास हीच पदवीची पहिली अट होती. कॉलेजच्या भोजनगृहात सर्वांबरोबर जेवणे हाही शिक्षणाचा भाग समजला जाई. अंधार पडल्यावर झगा व टोपी न घालता रस्त्यावर आढळलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचा शिस्त-अधिकारी, म्हणजे प्रॉक्टर, अडवी आणि ६ शिलिंग ८ पेन्स दंड करी. मुंबईच्या पदवीधराला विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा दिवाणखाना एवढेच ठाऊक होते. येथे त्याच्या जेवणाची, झोपेची आणि पोशाखाचीही हजेरी लागत होती. यातील पुष्कळसा भाग मध्ययुगीन मठांच्या शिस्तीचा अवशेष होता हे खरे, तथापि विद्यार्थी आणि अध्यापक एकाच आवारात राहतात, तेव्हा व्याख्यानाबाहेर जे शिक्षण घडते, त्याचे मोल मी कमी मानीत नाही.

नियमावलीत जे कोठेही लिहिलेले नव्हते, ते जाणून घेणे याहून कठीण होते. गणिताच्या ट्रायपॉस या पदवी-परीक्षेत वरचे स्थान मिळवावयाचे, तर प्राध्यापकांच्या व्याख्यानांवर विसंबून भागत नसे. स्वतंत्र शुल्क देऊन खाजगी शिक्षक करावा लागे. पीटरहाउसचे एडवर्ड राऊथ हे या वर्गातील सर्वांत नामांकित. त्यांच्या हाताखालून २५हून अधिक सीनियर रँग्लर, म्हणजे या परीक्षेत पहिले आलेले विद्यार्थी, बाहेर पडले. ते निवृत्त झाल्यावर सेंट जॉन्सचे वेब यांचा अंमल सुरू झाला. परक्या देशातून आलेल्या मुलाला हे सांगावयाचे कोणी, हा प्रश्नच होता; कारण अशा गोष्टी त्या समाजात वाढलेल्यांना न विचारताच कळलेल्या असतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून या परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे छापला जाई: प्रथम रँग्लर, नंतर सीनियर ऑप्टिम, शेवटी ज्युनियर ऑप्टिम. पहिल्या क्रमांकाचा सीनियर रँग्लर देशभर गाजे, तर यादीत सर्वांत खाली असलेल्याच्या वाट्याला लाकडी चमचा येई. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन आणि मॅक्सवेल हे दोघेही दुसरे रँग्लर होते, यावरून या क्रमवारीचा तराजू किती सूक्ष्म होता हे ज्याचे त्याने ठरवावे. १८९० साली न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांना सीनियर रँग्लरहून अधिक गुण मिळाले. परंतु स्त्री म्हणून तो क्रमांक त्यांना देता येत नव्हता, आणि पदवी तर केंब्रिजने स्त्रियांना १९४८ साली दिली.

आनंदमोहन बोस हे १८७४ साली पहिले हिंदी रँग्लर झाले. त्यानंतर २५ वर्षांनी, १८९९ साली, दापोलीकडील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सेंट जॉन्सचे विद्यार्थी पेंब्रोक कॉलेजच्या बर्टविसलसमवेत सीनियर रँग्लर ठरले, आणि १९०१ साली सेंट जॉन्सचेच फेलो झाले. अँग्लिकन पंथाबाहेरच्या माणसाला फेलोच्या जागेची वाट १८७१च्या कायद्याने मोकळी केली नसती, तर त्यांची बुद्धी तेथे उंबरठ्यावरच थांबली असती. १९०२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि ‘रँग्लर’ ही उपाधी त्यांच्या नावाला महाराष्ट्रात कायमची जोडली गेली.

आपण मात्र त्या यशाचा क्रमांक तेवढा उचलला. ज्या क्रमवारीचा येथे एवढा उदोउदो झाला, तिच्याविरुद्ध केंब्रिजमध्येच असंतोष वाढत होता. १८९८ सालचे चौथे रँग्लर जी. एच. हार्डी हे तिचे कडवे टीकाकार. त्वरेने कूटप्रश्न सोडविण्याच्या या सरावाने इंग्लंडचे गणित फ्रान्स-जर्मनीच्या मागे पडले, असे त्यांचे मत होते. १९०९ साली शेवटची गुणानुक्रमी यादी लागली. पुढे प्रथम वर्गातल्यांना रँग्लर म्हणणे चालू राहिले, पण त्यांची नावे वर्णानुक्रमाने येऊ लागली. १९१४ मध्ये हार्डींनीच बोलावून घेतलेल्या रामानुजन यांना ट्रायपॉसला बसावे लागले नाही. १९१६ साली संशोधनाच्या बळावर त्यांना पदवी मिळाली, आणि हे तेच रामानुजन, ज्यांना इतर विषयांमुळे आपल्या परीक्षांनी नापास केले होते. परांजपे यांच्या क्रमांकाची कथा आपण जितक्या उत्साहाने मुलांना सांगितली, तितक्या उत्साहाने केंब्रिजने उघडलेल्या या दुसऱ्या दाराची सांगितली असती, तर आपल्या विद्यापीठांत संशोधनाला लवकर जागा मिळाली असती, असे मी निश्चयाने म्हणेन. ही दोन्ही दारे पाहिलेली माणसेही आपल्यात होतीच: कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर रँग्लर झाल्यावर तेथेच संशोधनासाठी राहिले, आणि १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात येऊन त्यांनी सापेक्षतावादाच्या अध्ययनाची परंपरा सुरू केली.