परदेशी अणुभट्टीचे पैसे कोण देतं? जैतापूरवरून समजून घ्या

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणावरच्या वीज केंद्राची क्षमता आहे २२.५ मेगावॅट. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला नियोजित असलेली एकच फ्रेंच अणुभट्टी साधारण १६५० मेगावॅटची, म्हणजे येलदरीच्या सुमारे ७३ पट. अशा सहा भट्ट्या उभारायच्या आहेत. मग काम का अडलंय?

आतापर्यंत काय झालं?
२००९ मध्ये भारताची सरकारी कंपनी एनपीसीआयएल आणि फ्रान्सची अरेवा यांच्यात सामंजस्य करार झाला. पुढे अरेवाच्या जागी ईडीएफ आली. २०१८ मध्ये नवा करार झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने किंमत व तंत्रज्ञानाचा प्रस्ताव दिला. तरी सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे!

पैसा कुठून येतो?
एनपीसीआयएलच्या प्रकल्पांत साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असतं. भट्टी विकणारा देश आपल्या कंपनीचा माल खपावा म्हणून कर्ज देतो किंवा बँकांच्या कर्जाला हमी देतो. याला निर्यात कर्ज म्हणतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी कर्जातून उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये सुरू झाल्या. कुडनकुलमसाठी रशियाने कर्ज दिलं.

सरकारची हमी कशाला?
वीज सुरू होईपर्यंत कमाई शून्य, पण व्याज चालूच. फ्रान्समधल्या फ्लामनव्हिल इथे याच प्रकारच्या भट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं आणि ती ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. एवढी जोखीम सरकार पाठीशी असल्याशिवाय बँका घेत नाहीत. उशीर झाला तर वाढलेला खर्च शेवटी वीजदरात किंवा सरकारी तिजोरीत, म्हणजे आपल्याच खिशावर येतो.

अपघात झाला तर?
२०१० च्या कायद्यात भरपाईची पहिली जबाबदारी भट्टी चालवणाऱ्यावर होती. पण सदोष माल दिला असेल तर पुरवठादाराकडून वसुली करता येत होती. परदेशी कंपन्या इथेच बिचकल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने ही तरतूद काढली. कंपन्यांची अडचण कमी झाली, पण माडबन परिसरातल्या शेतकरी-मच्छीमारांचा जुना प्रश्न आणखी टोकदार झाला: नुकसान झालं तर भरून कोण देणार?

बातमी वाचताना हे तपासा
'अणुकरार झाला' असं मोबाइलवर दिसलं की तीन गोष्टी बघा: पक्की ऑर्डर आहे का, कर्जाची हमी कोणाची आणि विजेचा दर ठरला का? तिन्ही नसतील, तर ती फक्त सुरुवात आहे.