चिरेला अडवणारी कॅप

रूट कॅनॉल पार पडलं की दंतवैद्य विचारतात, "कॅप कोणती बसवू या? मेटल, सिरॅमिक की झिरकोनिया?" खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाच्या मनात तेव्हा दोनच गोष्टी असतात: पैसे किती, आणि टिकेल किती. या नावांचा जन्म मात्र एका वेगळ्याच प्रश्नातून झाला आहे. दातासारखे दिसणारे पदार्थ ठिसूळ असतात. त्यांत पडलेली बारीकशी चीर पुढे सरकू द्यायची नाही, हे साधायचं कसं?

सोन्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही. जोर पडला की सोनं किंचित दबतं, तडकत नाही, आणि तोंडातल्या ओलाव्यात गंजतही नाही. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकातच सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधले होते. पण त्या पट्ट्या होत्या. घासलेल्या दातावर तंतोतंत बसणारं कवच करणं फार अवघड. एकोणिसाव्या शतकात सोन्याचा पत्रा ठोकून ते करत, कडेला फट राहायची आणि तिथून कीड आत शिरायची. अमेरिकेतले दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या व्यवसायबंधूंपुढे उपाय मांडला: दाताचं कवच आधी मेणात घडवायचं, भोवती साच्याचं मिश्रण ओतायचं, भट्टीत मेण घालवायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं सोनं दाबाने भरायचं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच रीत सांगितली आहे, आणि बस्तरचे घडवा कारागीर आजही तिनेच काम करतात. टॅगार्ट यांनी ती दाताच्या मापावर आणली. सोनं गोठताना साधारण दीड टक्का आकसतं. ती तूट भरून काढण्याइतकं फुगणारं साच्याचं मिश्रण पुढे तयार झालं, तेव्हा सोन्याची कॅप खऱ्या अर्थाने दाताला चिकटून बसू लागली.

तरीही समोरचा दात सोन्याचा दिसावा, असं फार थोड्यांना वाटतं.

डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड या प्रश्नाच्या मागे लागले. (अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग त्यांचे नातू.) १८८०च्या दशकात त्यांनी दाताच्या आकारावर प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा बसवला, त्यावर पोर्सेलीनची भुकटी लिंपून भाजली आणि मग पत्रा सोलून काढला. उरलं ते अखंड पोर्सेलीनचं टोपण. त्यातून उजेड आरपार जायचा, त्यामुळे ते खऱ्या दातासारखं जिवंत दिसायचं. पण पोर्सेलीनला दाब सोसतो, ताण सोसत नाही. चावताना कॅपच्या आतल्या बाजूला ताण येतो, तिथल्या एखाद्या सूक्ष्म छिद्रातून चीर निघते आणि वाटेत अडवणारं काहीच नसल्यामुळे थेट बाहेर येते. पुढच्या दातांवर ही टोपणं निभावली. दाढेवर ती फुटायची.

मग साठ-सत्तर वर्षांनी पोर्सेलीनला धातूचा आधार देण्याची युक्ती जमली. अडचण तापमानाची होती. भट्टीतून निघाल्यावर सोन्याचा मिश्रधातू जितका आकसतो, त्याच्या जवळपास निम्मंच पोर्सेलीन आकसतं, म्हणून थंड होता होता थर तडकून निघायचा. उकळता चहा ओतल्यावर जाड काचेचा पेला तडकतो, तो याच कारणाने: दोन भाग एकाच वेगाने फुगत नाहीत. वाइनस्टाइन आणि काट्झ यांच्या नावाने १९६२ साली अमेरिकेत पेटंट निघालं, त्यात याची तोड होती. पोर्सेलीनमध्ये ल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक राहू दिले की त्याचं आकसणं धातूच्या जवळ जातं. धातू जरासा जास्त आकसला तर आणखी चांगलं. मग पोर्सेलीन कायमचं दाबाखाली राहतं आणि चिरेची तोंडं मिटलेली राहतात. या एका कल्पनेवर जगभरच्या दंतवैद्यकाने अनेक दशकं काढली.

तिची किंमत मात्र दाताने मोजली. खाली धातू, त्याचा काळपटपणा झाकणारा अपारदर्शक थर आणि वर पोर्सेलीन, एवढं सगळं मावायला दात दीड ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. त्या अपारदर्शक थराने उजेडही अडतो. हिरडी मागे सरली की कडेची काळी रेघ दिसते, ती तुम्ही पाहिलीच असेल. त्यात १९७१ साली अमेरिकेने डॉलरची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. औंसाला ३५ डॉलर असलेलं सोनं जानेवारी १९८०मध्ये ८०० डॉलरच्या वर गेलं. प्रयोगशाळांनी निकेल-क्रोमियमकडे धाव घेतली. आपल्याकडे 'मेटल कॅप' म्हणून बसते ती बहुधा हीच. ती मजबूत आणि स्वस्त आहे, पण अनेकांना निकेलची ॲलर्जी असते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे यांतल्या काही मिश्रधातूंत बेरिलियम घालत. ते धातूकाम घासणाऱ्या तंत्रज्ञाच्या फुप्फुसात बेरिलियमची धूळ जाते आणि ती फुप्फुसं कायमची निकामी करू शकते. कॅप निवडताना आपण स्वतःच्या तोंडाचा विचार करतो. जो ती घासून-पुसून देतो, त्याच्या श्वासाचाही व्हायला हवा. लॅबकडून बेरिलियमविरहित धातूची खात्री मागणं अजिबात अवघड नाही.

धातूशिवाय चीर अडवायची, तर वाट काचेतूनच काढायला हवी. १९६५ साली इंग्लंडमध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलीनमध्ये ॲल्युमिनाचे कण मिसळले. चीर कणाला धडकली की तिचा जोर कमी होतो. त्याहून मोठी झेप आधीच, आणि चुकून पडली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लिथियम असलेली एक काच ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडून ९००वर गेली. वितळलेला गोळा बघायची तयारी ठेवून त्यांनी दार उघडलं, तर पांढरी, घट्ट पाटी हाती आली. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर आदळली आणि फुटली नाही. काचेत स्फटिक दाटले होते. १९९८पासून लिख्टेनश्टाइनच्या इव्होक्लारने याच कुळातलं लिथियम डायसिलिकेट कॅपसाठी आणलं. त्यातले सुईसारखे लांबट स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून चिरेला वळसे घालत जावं लागतं. शिवाय आम्लाने आतली बाजू खरवडून ते दाताला रेझिनने चिकटवता येतं. दातावर नुसती अडकण्याऐवजी कॅप त्याच्याशी एकजीव होते आणि दात कमी घासून भागतं. समोरच्या दातासाठी मला याहून चांगलं काही दिसत नाही.

झिरकोनियाची गोष्ट सगळ्यांत विलक्षण. बर्लिनच्या क्लाप्रोट यांनी १७८९ साली श्रीलंकेच्या झिरकॉन खड्यातून हा ऑक्साइड वेगळा केला. शुद्ध झिरकोनिया भट्टीतून थंड होताना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आकारमान चार-पाच टक्के वाढतं आणि वस्तू आपोआप तडकते. मेलबर्नच्या सरकारी प्रयोगशाळेतले गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की हाच दोष कामाला लावता येतो. दुसरा ऑक्साइड थोडासा मिसळून स्फटिकांची जुनी रचना थंडपणीही टिकवून धरायची. चीर आली की तिच्या टोकाजवळच्या स्फटिकांवर ताण येतो, ते तिथल्या तिथे रूप पालटून फुगतात आणि चिरेला चेपून बंद करतात. दातांसाठी यिट्रियम ऑक्साइड वापरतात, सुमारे तीन टक्के. झुरिकच्या संशोधकांनी पुढे तयार करण्याची रीत सोपी केली: अर्धवट भाजलेल्या खडूसारख्या ठोकळ्यातून संगणकाच्या मापाने कॅप वीस-पंचवीस टक्के मोठी कोरायची आणि दीड हजार अंशांच्या आसपास भाजून आकसवायची.

इथवर आल्यावर लोकांना झिरकोनियाही दुधी वाटू लागला. म्हणून यिट्रियम ऑक्साइडचं प्रमाण चार-पाच टक्क्यांवर नेलं. तो जास्त पारदर्शक झाला, पण त्यात रूप पालटणारे स्फटिक फार थोडे उरले. ज्या गुणासाठी हा पदार्थ दातात आला तोच गुण त्यातून निघून गेला आणि ताकद निम्म्याच्या आसपास आली. बाजारात दोन्हींचं नाव 'झिरकोनिया'च आहे. म्हणून दाढेवर कॅप बसवताना नुसतं नाव ऐकून होकार देऊ नका. तीन टक्क्यांचा आहे की पाच, हे विचारा. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांनी तर विचारावंच. आणि बसवताना उंच लागली म्हणून ती घासली असेल, तर तीच जागा पुन्हा गुळगुळीत पॉलिश करून घ्या. गुळगुळीत झिरकोनिया समोरच्या दाताला पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवतो. खरखरीत ठेवला तर तोच समोरचा दात खातो. शेवटची दाढ, जी हसताना दिसत नाही, तिच्यासाठी परवडत असेल तर सोनं सुचवायला मी आजही कचरत नाही: दात सगळ्यांत कमी घासावा लागतो, कड सगळ्यांत घट्ट बसते आणि समोरच्या दाढेला त्रास होत नाही.