पंडिता रमाबाईंचें बायबल

धर्मग्रंथ भक्तीनें वाचावा कीं चिकित्सेनें, हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. शब्दांची फोड करूं लागलें कीं श्रद्धेचा ओलावा आटतो, असें पुष्कळांना वाटतें. मी जन्मभर वर्गांत व्याकरण शिकविलें असल्यामुळें माझा कल कोणीकडे आहे हें निराळें सांगावयास नको. तथापि माझ्या मतापेक्षां केडगांव येथें घडलेली हकीकत अधिक बोलकी आहे.

बायबल मराठींत आणण्याचा उद्योग जुना आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें १८०५ मध्यें मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ मध्यें नवा करार मराठींत छापला. पुढें मुंबईच्या मिशनऱ्यांनीं तें काम हातीं घेतलें आणि १८४७ पर्यंत सबंध ग्रंथ मराठींत झाला. बाबा पदमनजींसारख्या विद्वानांनीं त्यावर टीकाहि लिहिली. मग रमाबाईंनीं तोच डोंगर पुन्हा पायथ्यापासून चढावयास कां घेतला?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविलें आणि पत्नीनें मुलीला. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं या मुलीस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८९७ सालच्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत आल्या (आपला वर्धा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता) आणि निराधार मुली व विधवा यांना केडगांवास घेऊन गेल्या. अशा बायकांना रूढ मराठी बायबलांतील संस्कृतप्रचुर भाषा कळेना. ज्यांना पंडितांनीं सरस्वती म्हटलें, त्यांनींच आतां संस्कृत शब्द बाजूस सारण्याचें ठरविलें. ही गोष्ट सोपी नव्हे. निबंधांत भारदस्त शब्द न घालणाऱ्या मुलांचे गुण मी स्वतः कापलेले आहेत, म्हणून सांगतों.

इंग्रजीवरून सोपें मराठी करणें त्यांना सहज शक्य होतें. परंतु जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत व नवा ग्रीक भाषेंत लिहिलेला. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एवढ्या मोठ्या आश्रमाचा प्रपंच सांभाळून, त्या या दोन्ही भाषांच्या अभ्यासास लागल्या. हिब्रूचें व्याकरणहि त्यांनीं मराठींत लिहिलें.

मूळ भाषेनें काय साधतें? ‘पश्चात्ताप’ हा शब्द घ्या. त्याचा सरळ अर्थ मागाहून होणारा मनाचा दाह. शुभवर्तमानांतील ग्रीक शब्द ‘मेतानोया’ म्हणजे मन पालटणें. आणि हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द ‘शूब’ म्हणजे माघारीं फिर. दाहानें माणूस कपाळाला हात लावून बसेल. माघारीं फिरावयाचें म्हटलें तर त्याला उठून चालावें लागेल. वाट चुकलेल्या गुराख्यालाहि हें कोणी समजावून द्यावयास नको. तसेंच ‘शिष्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा धात्वर्थ ‘शिकणारा’ एवढाच आहे. शिक्षकाच्या कानाला तो फार गोड लागतो, हें कबूल करतों!

हें भाषांतर सर्वत्र रूढ झालें नाहीं. उपासनेंत बायबल सोसायटीचीच प्रत चालत राहिली. त्यावरून कोणी हा श्रम वाया गेला म्हणतात. पण हें काम मुळांत उपासनेच्या व्यासपीठासाठीं नव्हतेंच. केडगांवच्या छापखान्यांत आश्रमांतील मुलीच खिळे जुळवीत. रमाबाईंनीं पंधरा वर्षांहून अधिक काळ हें काम केलें. १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी तें थांबलें नाहीं. अखेरचीं मुद्रितें तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्यांचें देहावसान झालें, असें सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला. तो पाहावयास भाषांतरकर्त्या बाई नव्हत्या, त्याचे खिळे जुळविणाऱ्या मुली मात्र होत्या.