इंटरनेट वाटप, बिनतारी (संगणकावरून संगणकाकडे)

घरात किंवा दुकानात आलेले एकच इंटरनेट कनेक्शन एका संगणकाने घ्यायचे आणि वायफायच्या लहरींवरून दुसऱ्या संगणकाला पुरवायचे, ही पद्धत. बोलण्यात तिला ‘नेट शेअर करणे’ किंवा ‘हॉटस्पॉट देणे’ म्हणतात. हॉटस्पॉट हा शब्द मोबाइलमुळे घरोघर गेला. संगणकावरून नेट वाटण्याची सोय त्याच्या कितीतरी आधीची आहे. राउटर असला तर हेच काम तो अधिक चांगले करतो. इथे वेगळे यंत्र नसते, देणारा संगणकच राउटरची जागा घेतो.

या नोंदीसाठी परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. गोदावरीकाठचे हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावी ‘तार एक आणि संगणक दोन’ ही अडचण दोन ठिकाणी हमखास येते. एक म्हणजे सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज भरून देणारे सेवा केंद्र. पीक विम्याची मुदत संपत आली की तिथे रांग दारापर्यंत जाते, आणि नेमकी त्याच दिवशी दुसऱ्या संगणकाला जाणारी तार दगा देते. दुसरे म्हणजे शिकणाऱ्या दोन मुलांचे घर. २०२०च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा दोघांचे तास एकाच वेळी सुरू होत, आणि एकाचे नेट दुसऱ्याला कसे द्यायचे हा प्रश्न त्या वर्षी पुष्कळ घरांना पडला.

कार्य : देणाऱ्या संगणकाला दोन तोंडे लागतात. एका तोंडाने तो इंटरनेट घेतो. ही फायबरच्या डब्यातून आलेली तार असेल, यूएसबी डोंगल असेल किंवा केबलने जोडलेला मोबाइल असेल. दुसऱ्या तोंडाने, म्हणजे वायफाय कार्डाने, तो ते पुढे देतो. एकच वायफाय कार्ड घेण्याला आणि देण्याला दोन्हीकडे वापरता येते, पण मग प्रत्येक माहितीचा तुकडा त्याच हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून देणाऱ्याने होता होईल तो तारेनेच नेट घ्यावे.

आतली व्यवस्था जुन्या वाड्यासारखी चालते. वाड्यात भाडेकरू दहा, पण टपालाचा पत्ता एक. इंटरनेट कंपनीने कनेक्शनला दिलेला बाहेरचा पत्ता एकच असतो. देणारा संगणक आतल्या प्रत्येक यंत्राला खाजगी पत्ता देतो. विंडोजमध्ये तो स्वतःकडे १९२.१६८.१३७.१ हा पत्ता ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच मालिकेतले पत्ते वाटतो. आतून कोणी काही मागवले की ती मागणी तो आपल्या नावाने बाहेर पाठवतो, कोणी मागितले याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोचवतो. या पत्ताबदलाची पद्धत मे १९९४ मध्ये जाहीर झाली. फक्त खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांचा आजचा नियम फेब्रुवारी १९९६चा. जगभरातील पत्ते अपुरे पडू लागले होते, त्यावरचा हा उपाय.

याचे दोन परिणाम वापरणाऱ्याने लक्षात ठेवावेत. पहिला किरकोळ : आतल्या संगणकाला जोडलेला प्रिंटर बाहेरच्या जाळ्यातील यंत्रांना दिसत नाही. सेवा केंद्रात ‘प्रिंट जात नाही’ अशी जी तक्रार होते, तिचे मूळ पुष्कळदा इथे असते. दुसरा परिणाम गंभीर आहे. बाहेरच्या जगाला फक्त वाड्याचे दार दिसते. आत कोणी काय केले हे दिसत नाही. जे काही झाले ते दाराच्या मालकाच्या नावावर लागते.

इतिहास : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. ते टेलिफोनच्या तारेवरून, डायल करून मिळे. एक फोन, एक मोडेम, एक संगणक. ते वाटण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत दिली. वायफायचे पहिले तांत्रिक मानक १९९७चे आणि घरात परवडेल असे, सेकंदाला ११ मेगाबिटचे, १९९९चे. मात्र भारतात या लहरी वापरायला परवान्याचे बंधन होते.

जानेवारी २००५ मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. बीएसएनएलने ब्रॉडबँड सुरू केले, आणि २८ जानेवारीच्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त झाली. तार आणि हवा बरोबरीनेच मोकळी झाली म्हणायची. ब्रॉडबँड आधी मोठ्या शहरांत आले, तालुक्याच्या गावांपर्यंत मागाहून. २००४च्या धोरणाप्रमाणे सेकंदाला २५६ किलोबिट वेग मिळाला तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत. तेव्हाचे साधे वायफायसुद्धा त्याच्या चाळीसपटीहून वेगवान, त्यामुळे वाटल्याने वेग घटला तर दोष हवेचा नसे, तारेचाच असे. आज घरात १०० मेगाबिटचे फायबर आल्यावर गणित उलटले आहे; तार भरपूर देते आणि जुन्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड कमी पडते.

ब्रॉडबँडच्या त्या सुरुवातीच्या काळात डेटा मोजून मिळे. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतला वापर मोजला जात नसे, म्हणून मोठी फाइल उतरवायला लोक गजर लावून उठत. अशा दिवसांत नेट वाटणे म्हणजे बिलात वाटेकरी घेणे होते.

विंडोज एक्सपीमध्ये वाटपासाठी ‘अ‍ॅड हॉक’ जाळे उभारावे लागे. ते करता करता माणूस मेटाकुटीला येई : वेग कमी, सुरक्षा कच्ची, आणि पुढे आलेल्या अँड्रॉइड फोनना ते जाळे दिसतच नसे. २००९च्या विंडोज ७मध्ये एकाच कार्डाचे दोन भासवण्याची सोय आली, पण ती कमांड प्रॉम्प्टमध्ये आज्ञा टाइप करून चालू करावी लागे. ज्यांना ते जमत नसे त्यांनी ‘कनेक्टिफाय’सारखी सॉफ्टवेअर वापरली. ऑगस्ट २०१६च्या विंडोज १० अद्ययावतीकरणात ‘मोबाइल हॉटस्पॉट’ हे साधे बटण आले आणि ही खटपट संपली. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर ते असते. एका वेळी आठ यंत्रे जोडता येतात. मॅकमध्ये ‘इंटरनेट शेअरिंग’ आहे, पण वायफायवरून घेतलेले नेट त्याच वायफायवरून पुढे देणे तिथे सहसा जमत नाही, तार लागते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांतही ही सोय मुळातच असते.

जोडणी झाली पण नेट येत नसेल तर घेणाऱ्या संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर देणाऱ्याने पत्ताच दिलेला नाही असे समजावे. पुष्कळदा अँटिव्हायरसची किंवा फायरवॉलची आडकाठी असते. देणारा संगणक झोपी गेला की वाटप थांबते. तसेच काही मिनिटे कोणीच जोडलेले नसेल तर विंडोज हॉटस्पॉट आपोआप बंद करते. ती सेटिंग काढून ठेवावी.

घर आणि लहरी : मराठवाड्यातील जुन्या घरांचा विचार माहितीपत्रकात कोणी करत नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने. गोदाकाठच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद असलेली घरे अजून आहेत. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी हीच भिंत वायफायला मात्र अडवते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीतून जाताना क्षीण होते. भिंत ओली असेल तर अधिकच, कारण पाणी या लहरी शोषते. पावसाळ्यात माळवद भिजल्यावर वरच्या खोलीतली रेंज कमी झालेली दिसते, ती यामुळे. पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. धातूचा पत्रा लहर शोषत नाही, परतवून लावतो. एका पत्र्याच्या खोलीत नेट उत्तम चालते आणि शेजारच्या खोलीत जवळजवळ काहीच पोचत नाही.

ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारालगतच्या बैठकीत, फायबरचा डबा आणि माजघरात अभ्यासाचा संगणक, अशा घरात मधल्या संगणकाने वाटप करणे हा स्वस्त आणि खरा उपयोगी उपाय आहे. ढाळजेतून तार ओसरीवरच्या लॅपटॉपला द्यावी आणि तो माजघराच्या दारासमोर, उंचावर ठेवावा. लहर भिंतीतून ढकलण्यापेक्षा उघड्या दारातून जाऊ द्यावी. हॉटस्पॉटचा पट्टा निवडता येत असेल तर अशा घरी २.४ गिगाहर्ट्‌झच निवडावा. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असला तरी जाड भिंतीपुढे लवकर हार मानतो. नव्या स्लॅबच्या, पातळ विटांच्या घरात याच्या उलट करावे.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि फायबरचा डबा बंद पडतो, म्हणजे वाटायला काही उरत नाही. असे पुष्कळ डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस भारनियमनाच्या गावी घ्यावाच.

सुरक्षा आणि कायदा : महाराष्ट्राने या विषयाची किंमत मोजलेली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा कटाशी संबंध आढळला नाही. त्याच्या वायफायला पासवर्ड नव्हता आणि बाहेरच्या कोणीतरी त्यावरून मेल पाठवला होता. पुढच्या दोन महिन्यांत असेच मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. ज्याचे दार, त्याच्याकडे पोलीस आधी जातात. सानपाड्यात हेच झाले, आणि गंगाखेडच्या हॉटस्पॉटलाही हाच न्याय लागू पडतो.

डब्ल्यूईपी ही जुनी कुलूपपद्धत २००१ मध्येच फोडली गेली. तीवर विसंबू नये. २००४ची डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ची डब्ल्यूपीए३ वापरावी. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा लागतो, ६३ पर्यंत चालतो. लांब असेल तितका बरा. मोबाइल नंबर, दुकानाचे नाव किंवा मुलाची जन्मतारीख हा पासवर्ड नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याचे जाळे वापरल्यास २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घरात वाटणे आणि पैसे घेऊन विकणे यांत फरक करावा. दुकानातून लोकांना वायफाय विकायचे असेल तर ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे. तीत दुकानदाराला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि ग्राहकाची ओळख रीतसर पटवली जाते. घरगुती कनेक्शन चोरून विकण्यापेक्षा हा मार्ग शंभरपट चांगला.

शेजारच्या मुलाला परीक्षेचा अर्ज भरायचा असेल आणि त्याच्याकडे नेट नसेल, तर त्याला जरूर द्यावे. पासवर्ड आपल्या हाताने टाइप करावा, आणि काम झाले की तो बदलावा.